माझ्या नावाचा चौकोन

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिल्याच दिवशी खोटं बोलले! आणि कुणी उलटतपासणी घेत नव्हतं की काही नव्हतं.

उमाकांत सर, म्हणजे या संशोधन संस्थेतल्या आमच्या गटाचे प्रमुख, मला बसायची जागा दाखवत होते. जाता जाता म्हणाले, "क्लस्टरवर स्वतःचं कर्नेल लावून घ्या. येतं ना?" मी म्हणाले, "हो सर, येतं." मुलाखतीत एकदा हो म्हटलं होतं, आता त्याला जागायला नको? अकरा वर्षं घरी होते. त्याआधी पुण्यात टेस्टिंग करायचे — दुसऱ्यांनी केलेलं बटण दाबून बघायचं आणि चुकलं की लिहून द्यायचं. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार!

घरी आल्यावर मकरंदला विचारलं, कर्नेल म्हणजे नक्की काय. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ब्राउझरमध्ये नोटबुक उघडतं ना, त्यात आपण कोड लिहितो. तो मागे बसून जे चालवतं, ते कर्नेल. प्रत्येकाला वेगवेगळ्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, लागतात, म्हणून जो तो आपापलं बनवतो. दहा मिनिटांचं काम आहे गं." नवरा हेब्बाळच्या आयटी पार्कात वीस वर्षं आहे, त्याला सगळंच दहा मिनिटांचं वाटतं.

क्लस्टर म्हणजे संस्थेच्या तळमजल्यावर थंडगार खोलीत ठेवलेली शंभरेक मशिनं, सगळ्यांची मिळून. एवढं मात्र मला माहीत होतं. बरं वाटलं तेवढ्यापुरतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दहा मिनिटांचं काम. साडेचार तास बसले. झालं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

समोरच्या टेबलावर निहार बसतो. नागपूरचा, सत्तावीस वर्षांचा, पीएचडीचं शेवटचं वर्ष. बंगळुरूच्या तलावांवर काम करतो. उपग्रहाने वीस वर्षं काढलेल्या चित्रांवरून कुठल्या तलावाचं पाणी किती कमी झालं ते मोजायचं. मी फोनवर लेकीला, स्वानंदीला, ओरडत होते ("दप्तर जागेवर ठेव, सोफा तुझं कपाट नाही!") ते ऐकून एकदम खुर्चीसकट वळला. "ताई, तुम्ही मराठी! मी चार दिवस हिंदीत गुड मॉर्निंग करून राहिलो!"

दुपारी डब्यातली भरली वांगी दिली. मेसचं सांबार बाजूला सारून त्याने तीन खाल्ली. म्हणाला, "उद्यापासून मी तुमच्याच टेबलावर." मला इतका आनंद झाला की मीच उपाशी राहिले आणि ते संध्याकाळी संपिगे रोडला मेट्रोत चढताना लक्षात आलं.

कर्नेल अजून नाही. चौथा दिवस.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निहारने विचारलं, "ताई, कर्नेल लागलं का?"

"होतंय."

त्याने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. लाल अक्षरांची रांगच्या रांग! मी घाईघाईने खिडकी बंद केली, जणू काही नको ते बघत होते. तो बिचारा हसला नाही. "लोड नका घेऊ ना ताई. मलाही पहिल्या वर्षी दोन आठवडे लागले होते. माझं फोल्डर आहे क्लस्टरवर, गटाच्या जागेत, कसं बनवलंय ते बघून घ्या. नाहीतर असं करू — दुपारी बसू, मी करून दाखवतो."

"नको रे, मी बघते," म्हणाले. का? सरळ "दाखव" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सतरा वर्षांनी लहान मुलगा शेजारी बसून मला बाराखडी शिकवतोय आणि येणारे-जाणारे बघतायत, हे डोळ्यांसमोर आलं. स्वानंदीला मात्र रोज सांगते, अडलं की विचारावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लागलं! माझं कर्नेल लागलं!

कसं लागलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. निहारचं अख्खं फोल्डर उचलून कॉपी केलं. त्याच्या शेजारीच माझ्या नावाने ठेवलं. मग कर्नेलच्या फाइलीत त्याच्या फोल्डरचा पत्ता होता, तो खोडून माझा घातला. नोटबुकचं पान पुन्हा उघडलं तर मेनूत एक नवा चौकोन — 'स्मिता'. दाबला आणि चालला. चवथीच्या मुलीसारखी टाळी वाजवली मी.

हे असं करता आलं ते सरांच्या नियमामुळे. गटाच्या जागेत कुणाच्याच फोल्डरला कुलूप नाही. कुणीही कुणाचंही उघडावं, वापरावं, दुरुस्त करावं. सरांचं घराणं चार पिढ्या बंगळुरूत आहे, बसवनगुडीत एकत्र कुटुंब. त्यांचं म्हणणं, "आमच्या घरात कपाटाला कुलूप नव्हतं. इथे कशाला पाहिजे?"

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय अम्मा, कर्नेल झालं?" झालं म्हणाले. "स्वतः केलंत? भले! सरी, आता काम सुरू करा." 'सरी' म्हणजे कानडीत 'बरं'.

स्वतः केलंत — यावर मी मान हलवली. निहार तिथेच होता. त्याने अंगठा वर करून 'भारी' अशी खूण केली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या कामाला एका लायब्ररीची नवी आवृत्ती लागते. इन्स्टॉलची कमांड माझ्या फोल्डरातून दिली. शेवटी ठळक ओळ आली, यशस्वी झालं म्हणून. नोटबुक उघडलं तर आवृत्ती जुनीच! पुन्हा दिली. पुन्हा यशस्वी, पुन्हा जुनीच. तिसऱ्यांदा 'जबरदस्तीने बसव' असा शब्द जोडून दिली. यशस्वी! आणि चौकोनात तरीही जुनीच. हे मशीन मला वेड्यात काढतंय का?

निहारला विचारणार होते. त्याचा गुरुवारी सेमिनार आहे, तो त्यात बुडालाय. शिवाय विचारलं असतं तर "कसं लावलं होतं?" इथूनच सुरुवात झाली असती. सोडून दिलं. जुन्यावरच काम भागवते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सुट्टी. साबुदाण्याची खिचडी. निहार खोलीवर एकटा तयारी करतोय, म्हणून मकरंदबरोबर डबा पाठवला. मेसेज आला, "ताई, खिचडी खाऊन आता काय वाट्टेल ते विचारा म्हणाव सरांना!"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट झालं. फार वाईट.

सरांची एक रीत आहे. सेमिनारमध्ये त्यांना स्लाइड चालत नाहीत. "स्लाइड कुणीही रंगवतं. नोटबुक उघड आणि पहिल्या ओळीपासून चालवून दाखव." बाहेरून परीक्षक आले होते, तीस-पस्तीस माणसं होती. निहारने चालवलं. त्याच्या प्रबंधात लिहिलंय की तलावांचं पाणी एकतीस टक्क्यांनी कमी झालं. पडद्यावर आकडा आला बावीस.

तो म्हणाला, "एक मिनिट सर." पुन्हा चालवलं. बावीस. निहार पडद्याकडे असा बघत होता की बस. सर शांतपणे म्हणाले, आणि त्यांचं शांत बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट, "मग एकतीस कुठून आणलंस? बावीस कमी वाटले का?"

"नाही सर! जानेवारीत एकतीसच येत होते."

"स्वल्प थांब. जानेवारीतही हाच कोड?"

"हाच सर."

"कोड तोच, चित्रं तीच, आणि आकडा दुसरा. असं मशीन करतं की माणूस करतो?"

परीक्षकांनी वही मिटली. सेमिनार तिथेच थांबला. निहारची हैदराबादला नोकरी ठरली आहे, मेच्या एक तारखेला रुजू व्हायचंय. त्याआधी म्हणजे मार्चअखेर प्रबंध द्यायलाच हवा. आता सर सही करतील असं वाटत नाही.

मागच्या रांगेत दोघं कुजबुजत होते — आकडे फुगवले असणार. मला त्यांचा राग आला. मी वळून बघितलं त्यांच्याकडे, चांगलं रोखून!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निहार सकाळी माझ्याआधी आलेला. डोळे सुजलेले. मला वाटलं आज कुणाशी बोलणार नाही, तर माझ्याच टेबलापाशी आला. "ताई, तुमचं जुनं कर्नेल काढून टाकून नवीन लावून देऊ का? स्वच्छ, वेगळं."

मी म्हटलं, "अरे, आज कुठे माझं घेऊन बसलास! तुझं बघ आधी."

"तेच करून राहिलो," म्हणाला. बसला आणि खरंच दहा मिनिटांत लावलं. मेनूत चौकोन तोच, 'स्मिता'. उठताना म्हणाला, "फोल्डरमध्ये एक फाइल ठेवली आहे. नाव दिलंय 'आधी हे वाचा'. नक्की वाचा ना ताई."

स्वतःवर एवढं संकट आलं असताना पोरगा माझं कर्नेल नीट करतोय! कौतुक वाटलं. पण खरं सांगायचं तर टोचलंही. आधी हे वाचा! पहिलीतल्या मुलीला द्यावी तशी. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं की मला येत नाही. फाइल उघडली नाही. चौकोन चालतोय ना, बास.

३ मार्च, सोमवार

निहारने विचारलं, "ताई, वाचली का ती फाइल?"

"हो, वाचली की."

तो थांबला. "सगळी?"

"हो रे. छान सोपं लिहिलंयस."

तो माझ्याकडे बघतच राहिला. काय बघत होता कळलं नाही. मला वाटलं, आता त्यातलं काहीतरी विचारतो आणि मी तोंडावर आपटते. म्हणून मीच विषय बदलला, "मेथीचे पराठे आणलेत आज." तो म्हणाला, "भूक नाही ताई." आणि खाली निघून गेला.

काय हे स्वभाव आपले! एक फाइल वाचली नाही हेही कबूल करवत नाही मला. उद्या वाचीन.

५ मार्च, बुधवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते तरीही.

आज क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रतिमा मॅडमनी नव्या लोकांसाठी दोन तासांचा वर्ग घेतला. कर्नेल कसं लावायचं, त्यावरच. मी मागे बसले, वही घेऊन. अर्धा वर्ग चांगला गेला. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट कधीही करू नका. दुसऱ्याचं तयार फोल्डर कॉपी करून आपलं म्हणून वापरू नका. वरून सगळं तुमचं दिसतं. पण आतल्या इन्स्टॉलच्या कमांडमध्ये पहिल्या ओळीत जुन्या फोल्डरचा पत्ता कोरलेला असतो. तुम्ही तुमच्याकडे इन्स्टॉल करताय असं तुम्हाला वाटतं आणि माल जाऊन पडतो मूळ मालकाच्या घरात."

सगळे हसले. मीही हसले.

तीनदा दिली होती मी ती कमांड. यशस्वी, यशस्वी, यशस्वी. माझ्याकडे काहीच आलं नव्हतं. मग गेलं कुठे?

६ मार्च, गुरुवार

पाहिलं. खरं आहे.

निहारच्या फोल्डरमध्ये त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आहे. तारीख २४ फेब्रुवारी. नव्या आवृत्तीचे बदल वाचले, तीनदा वाचले — चित्रात ढगांखाली झाकलेले ठिपके मोजायची पद्धत बदलली आहे. आधी ते सोडून द्यायचे, आता शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतात. एकतीसचे बावीस तिथेच झाले. त्याने काहीही केलेलं नाही. त्याच्या घरात शिरून मी सामान बदललं आणि त्याला सगळ्यांसमोर चोर ठरवलं.

आणि मग मी काय केलं? लगेच उठून सरांकडे गेले? नाही! मी दिलेल्या कमांडची यादी मशीन ठेवतं. ती उघडली आणि त्यातल्या माझ्या तीन ओळी पुसल्या.

चव्वेचाळीस वर्षांची बाई. पोरीला खोटं बोलण्यावरून शिक्षा करणारी. इकडे-तिकडे बघून तीन ओळी पुसल्या आणि पाणी प्यायला गेले.

७ मार्च, शुक्रवार

निहार दुपारी जेवायला आला नाही. सोमवारपासून नाही आला.

१० मार्च, सोमवार

सरांनी त्याला वीस तारखेपर्यंत मुदत दिली. आकडा का बदलला ते दाखव, नाहीतर प्रकरण चौकशी समितीकडे जाईल. समिती म्हणजे नावावर शिक्काच. हैदराबाद तर गेलंच, पुढेही कुणी उभं करणार नाही.

मला एकच गोष्ट कळत नाही. एवढा हुशार मुलगा, त्याला अजून कसं सापडत नाही? लायब्ररीची आवृत्ती बघायचं सुचत नाही का त्याला? रोज मी मनात म्हणते, आज सापडेल, आज सापडेल. त्याला आपोआप सापडलं तर मला सांगावं लागणार नाही. हे असलं मागणं देवाकडे मागतेय मी!

११ मार्च, मंगळवार

मकरंदला सांगितलं. सगळं नाही. यादी पुसल्याचं नाही सांगितलं. त्याने मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "अजून सहा महिने तू कच्ची आहेस, कायम झालेली नाहीस. शांतपणे विचार कर. कदाचित तोच शोधून काढेल आणि कोणाचं नाव न घेता मिटेल."

मला बरं वाटलं ते ऐकून. बरं वाटलं याची लाज वाटली. मग लाज वाटतेय म्हणजे आपण अगदीच वाईट नाही, असंही वाटलं. किती लबाड असतं माणसाचं डोकं!

सरांना मेल लिहायला घेतली. "आदरणीय सर, अनवधानाने" इथवर. अनवधानाने हा शब्द बघूनच किळस आली. पुसली. पुसण्यात आता तरबेज झालेय.

१२ मार्च, बुधवार

नाही सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. पुरणपोळ्या केल्या, नेहमीच्या दुप्पट. आज डब्यात सहा घेऊन गेले. तूप वेगळ्या डबीत.

निहारच्या टेबलावर डबा ठेवला. त्याने उघडून बघितला, परत झाकण लावलं. "खोलीवर नेऊन खातो." वाळलाय. दाढी वाढलेली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "ताई, तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तोंड उघडलं मी. आणि तोंडातून निघालं काय — "पुरण जरा सैल झालंय, सांभाळून घे."

"ठीक आहे," म्हणाला.

प्रसाधनगृहात जाऊन रडले. नळ सोडून, म्हणजे आवाज जायला नको. रडतानाही लोक काय म्हणतील हीच काळजी.

१६ मार्च, रविवार

स्वानंदीचा गणिताचा पेपर आला. दहातले चार. तिने स्वतःहून आणून दाखवला. "आई, मला हा धडा कळलाच नाही. मी वर्गात हो हो म्हणत बसले." मी रागावणार होते. पेपर घेऊन तिच्याशेजारी बसले.

मी चुकले, याची मला तेवढी लाज वाटत नाही. चूक कुणाचीही होते. मला येत नाही हे कळेल, याची लाज वाटते. त्यासाठी एका मुलाचं आयुष्य पणाला लावून बसलेय. लिहिलं एकदाचं.

उद्या सांगणार. बनशंकरीच्या देवळात जाऊन आले. नवस बोलले नाही. नुसती उभी राहिले.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं.

सकाळी सरांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही. उभ्यानेच सगळं बोलले. मुलाखतीतलं हो, कॉपी केलेलं फोल्डर, तीन वेळा दिलेली कमांड. पुसलेल्या तीन ओळीसुद्धा. सर चष्मा काढून ऐकत होते. मग म्हणाले, "स्वल्प थांबा," आणि निहारला बोलावलं.

त्याच्यासमोर पुन्हा सांगितलं. ते जास्त अवघड गेलं.

सर उठून खिडकीशी गेले. "म्हणजे या मुलाला अठरा दिवस मी खोटारडा समजलो! तीस माणसांसमोर बोललो! आता त्या तीस जणांना परत बोलावून माफी मागायची ती मी मागायची, तुम्ही नाही." मग निहारच्या खांद्यावर हात ठेवला, "जुनी आवृत्ती घालून चालव. एकतीस आले की त्याच दिवशी सही करतो."

निहार म्हणाला, "ठीक आहे सर." बस, एवढंच. मला वाटलं होतं चिडेल, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. "माफ कर रे. मला खरंच माहीत नव्हतं. पाच तारखेला वर्गात कळलं तेव्हा पहिल्यांदा समजलं."

"पाच तारखेला?"

"हो, पाच. त्याआधी कल्पनाच नव्हती, शपथ."

त्याने हात सोडवून घेतला. हळूच, झटकला नाही. थोडासा हसला, पण ते हसू मला आवडलं नाही. "बरं झालं ताई," म्हणाला आणि गेला.

थकला असेल. एवढ्या दिवसांचं ओझं.

मी मात्र हलकी झालेय. मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि झोपच लागली, थेट बनशंकरी. मकरंद म्हणाला, "धाडस केलंस." हो, केलं! उशिरा केलं, पण केलं. इतकी काही वाईट नाही मी.

१८ मार्च, मंगळवार

एकतीस आले. सरांनी सही केली.

मला वाटलं होतं काढून टाकतील. सर म्हणाले, "कुलूप नसलेल्या घरात राहायचं तर पाहुण्याने विचारून वस्तू घ्याव्यात, हे मी सांगायला पाहिजे होतं. शिक्षा म्हणून एक काम करा. नवीन येणाऱ्यांसाठी कर्नेल लावायची पद्धत लिहून काढा. तुम्ही जिथे जिथे अडलात ते सगळं त्यात यायला पाहिजे." बाहेर येऊन प्रतिमा मॅडमना सांगितलं, मला शिकवा, पहिल्यापासून, मला येत नाही. चारच शब्द — मला हे येत नाही. कुणी हसलं नाही.

डबा आणला होता. निहार नव्हता. खोली आवरायला गेलाय म्हणे.

१९ मार्च, बुधवार

पद्धत लिहायला बसले. म्हटलं, निहारने सोपं लिहून ठेवलंय, तेच समोर ठेवून लिहावं. 'आधी हे वाचा' आज पहिल्यांदा उघडली. कर्नेलबद्दल त्यात एक अक्षर नाही.

"ताई, माझ्या फोल्डरमध्ये चोवीस तारखेच्या फायलींवर तुमचं नाव आहे. कॉपी केल्यामुळे झालं, तुम्हाला माहीतही नसेल. मुद्दाम केलं नाही हे मला पक्कं माहीत आहे. सगळ्यांसमोर विचारलं तर तुम्हाला अपमान वाटेल, म्हणून इथे लिहितो. लायब्ररी बदलली एवढंच सांगितलं तरी सर फायलींवरचं नाव बघतीलच, म्हणून मी सरांना काहीच सांगणार नाही. तुम्हीच सांगा, मी सोबत येतो. वाचलं की मला फक्त हो म्हणा. — निहार, २८ फेब्रुवारी."

तीन मार्चला त्याने विचारलं होतं. मी हो म्हणाले होते.